सल्ला सदर : भोपाळची ती रात्र रंगमंचावर किती दाखवायची?

प्रश्न थोडक्यात : पत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचं आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी त्याने भोपाळ वायुदुर्घटनेवर एकांकिका लिहिली आहे, दिग्दर्शनही तोच करतो आहे. पहिली बत्तीस मिनिटं कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगर वस्तीतल्या एका कुटुंबाची लग्नघाई आहे. उरलेली अठरा मिनिटं २ डिसेंबर १९८४ ची रात्र. धूर, सायरन, सोळा जणांचा समूह खोकत-धडपडत कोसळतो आणि शेवटी बाप बाळाला पुरतो. बाळ म्हणजे बाहुली. मंडळातले सीनियर म्हणतात, इथे थिएटर रडलं पाहिजे, बक्षीस याच प्रवेशात आहे. समूहातल्या एका मुलीचं आजोळ भोपाळचं. तिच्या आजीला त्या रात्रीपासून श्वासाचा त्रास आहे. मागच्या आठवड्यात ती तालमीतून उठली, ‘तुम्हाला करंडक हवाय, भोपाळ नकोय’ म्हणाली आणि परत आली नाही. प्राथमिक फेरी साडेतीन आठवड्यांवर आहे. आम्ही कुणी तेव्हा जन्मलोही नव्हतो, हा विषय करायचा आम्हाला अधिकार आहे का? विषय बदलावा, की फक्त तो प्रवेश काढावा? असं त्याने विचारलं आहे.

उत्तर :

विषय बदलू नकोस. साडेतीन आठवड्यांत नवी संहिता उभी राहत नाही हे तर झालंच. शिवाय ‘तेव्हा जन्मलेला हवा’ अशी अट लावली, तर आणखी काही वर्षांनी भोपाळबद्दल बोलायला कुणीच पात्र उरणार नाही, आणि ते कुणाच्या पथ्यावर पडेल हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे अधिकाराचा प्रश्न जरा बाजूला ठेव आणि त्या घटनेबद्दल तुम्हाला नेमकं काय माहीत आहे ते बघ. तुझ्या पत्रात धुराच्या मशीनचा उल्लेख तीनदा आहे आणि कारखान्याच्या आतलं एक अक्षर नाही. कारखाना ज्या कंपनीचा, त्या युनियन कार्बाइडचं नाव येतं ते शेवटच्या निवेदनात, एका वाक्यात. खरी अडचण इथे आहे, आणि माझ्या मते त्या मुलीला खटकलं तेही हेच असावं.

सुखी कुटुंब, लग्नाची गडबड आणि मग अचानक मृत्यू. या रचनेत भोपाळच्या जागी भूकंप घातला, पूर घातला, तरी संहिता जशीच्या तशी चालेल. एकही संवाद बदलावा लागत नसेल, तर ती एकांकिका भोपाळवर नाही. वायू आभाळातून पडल्यासारखा येतो, माणसं मरतात, प्रेक्षक हळहळतो आणि घरी जातो. तो का आला, हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

तुम्ही इंजिनिअरिंगची मुलं आहात, ही या बाबतीत मोठी जमेची बाजू आहे. ती वापरा. कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत ४० टनांच्या आसपास मिथाइल आयसोसायनेट (एमआयसी) हे विषारी रसायन होतं. हे रसायन थंड, शून्य अंशाच्या जवळपास ठेवायचं असतं. त्यासाठीची शीतयंत्रणा १९८४ च्या मध्यातच बंद केलेली होती. वायू बाहेर पडू लागला तर त्याला निकामी करणारा स्क्रबर त्या रात्री चालू स्थितीत नव्हता, आणि असता तरी एवढ्या वायूला तो पुरला नसता. वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरच्या नळीचा एक तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. उरले पाण्याचे फवारे. वायू सुटत होता सुमारे ३० मीटर उंचीवरून, फवारे तिथवर पोचलेच नाहीत. टाकीत पाणी शिरलं, रासायनिक क्रिया सुरू झाली, उष्णता आणि दाब वाढत गेला आणि त्याला अडवायला वाटेत काहीच उरलेलं नव्हतं.

आता हे रंगमंचावर कसं येईल? व्याख्यान म्हणून आणलंस तर प्रेक्षक झोपेल. त्या रात्रीच्या नोंदींतच एक प्रवेश तयार आहे. रात्री दहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास टाकीचा दाब २ पीएसआय (दाब मोजायचं एकक) होता. पावणेअकराला पाळी बदलली. अकराच्या सुमारास नव्या पाळीतल्या माणसाने १० वाचला आणि तो चालण्यासारखा आहे असं त्याला वाटलं, कारण २ ते २५ ही नेहमीची मर्यादा मानली जायची. साडेअकराच्या आसपास डोळे चुरचुरायला लागले. कुठेतरी गळती आहे हे कळलं, पण ती चहानंतर बघू असं ठरलं. चहा झाला सव्वाबाराच्या सुमारास. त्यानंतर काटा ३०, आणि मग ५५, म्हणजे मापकाचं टोक.

हा प्रवेश जेमतेम सहा मिनिटांचा होईल. एका स्टुलावर एक मुलगा, समोर प्रेक्षक. मापक दाखवू नकोस, तो प्रेक्षकांकडे बघूनच आकडा वाचेल: ‘दोन.’ मागे पाळी बदलते, डबे, सायकली, कुणाच्या पोराची शाळा, कुणाची रजा. ‘दहा.’ कुणी वळूनही बघत नाही. डोळे चोळत चोळत गप्पा चालू राहतात. चहाचे ग्लास येतात. काचेचे आणि खरेच घ्या, त्यांचा किणकिणाट लागतो. ‘तीस’ म्हटल्यावर पहिल्यांदा एक जण थांबतो. ‘पंचावन्न’नंतर मुलाचं तोंड उघडं आहे पण आकडा येत नाही, कारण मापकावर पुढचा आकडाच नाही. इथे पार्श्वसंगीत अजिबात नको. या आकड्यांचा अर्थ प्रेक्षकाला माहीत आहे, पात्रांना नाही, आणि नाटकात ताण इथूनच येतो. अठरा मिनिटं खोकून जे होणार नाही ते या चार आकड्यांत होईल.

याच प्रवेशात एक सापळाही आहे. चहाचा भाग हलक्या हाताने लिहिला नाही, तर ‘कामगार चहा पीत बसले म्हणून माणसं मेली’ असा अर्थ निघतो. पाणी टाकीत कसं शिरलं यावर दोन बाजू आहेत. कामगारांची आणि बऱ्याच अभ्यासकांची बाजू अशी की, नळ्या धुताना अडथळ्याची चकती न बसवल्यामुळे ते शिरलं. कंपनीची भूमिका अशी की, एका नाराज कामगाराने मुद्दाम घातलं. कळकट कपड्यातला एक जण अंधारात नळी जोडतोय असं दृश्य तू ‘नाट्यमय’ म्हणून टाकलंस, तर नकळत कंपनीच्या वकिलाचं काम केलंस. म्हणून चहाच्या आधी दोन-तीन वाक्यांत हे आलं पाहिजे: एमआयसी विभागात पाळीला १२ माणसं असायची, ती ६ केली होती. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन या विषारी वायूने एक कामगार मेला होता. १९८२ मध्ये पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या छोट्या साप्ताहिकात या कारखान्याबद्दल लागोपाठ इशारे छापले होते. हे गप्पांतून येऊ दे: ‘पूर्वी आपण बारा होतो’ एवढं एका पात्राने म्हटलं तरी पुरे.

लग्नघाईची बत्तीस मिनिटं वीसवर आण. शिवाय त्या घरातला एक माणूस कारखान्यात कंत्राटी कामाला लाव. थोरला मुलगा किंवा होणारा जावई, कुणीही चालेल. त्याने कारखाना घरात येतो. नोकरी चांगली म्हणून मुलगी दिली जातेय, हातावर एकदा काहीतरी उडून चट्टा पडलाय, त्यावर घरात कुणी फार बोलत नाही. मग तीच माणसं, तेच संवाद वेगळे ऐकू येतील.

रात्र कशी करायची

रात्र पूर्ण काढून टाकू नकोस. काढलीस तर पळवाट काढल्यासारखं वाटेल. चार-पाच मिनिटांत बसव. खोकणं-कोसळणं दोन मिनिटांच्या पुढे गेलं की प्रेक्षकाचं मन सरावतं आणि तो कोण छान पडतोय हे बघू लागतो. परीक्षक तर दरवर्षी दंगल, स्फोट, आत्महत्या, सगळं स्ट्रोब लाइट आणि धुरात बघून दमलेले असतात. तुमच्या सीनियरना हे व्यावहारिक कारण सांग. नैतिक कारणाने कदाचित पटणार नाही.

वाचलेल्या अनेकांनी सांगितलंय की पहिल्यांदा वाटलं, शेजारी कुणीतरी मिरच्या जाळतंय. हा तपशील मराठी घराला समजावून सांगावा लागत नाही. झोपेतून उठलेली आई पदर नाकाला लावून ‘कोण गं या वेळी मिरच्या भाजतंय?’ म्हणते, शेजारीण तेच उलट विचारते. रात्रीची सुरुवात इथून कर. आणि तुमच्यातला कुणीतरी नक्की म्हणेल की विंगेत खरोखर मिरच्या भाजू या, वास प्रेक्षकांपर्यंत जाऊ दे. अजिबात नको. बंद, वातानुकूलित थिएटरमध्ये तो ठसका बाहेर जायला वाट नसते, पुढच्या रांगेत दम्याचा कुणी असला तर प्रयोग थांबेल आणि कुणाला दवाखान्यात न्यावं लागेल.

सायरनबद्दल. तुझ्या संहितेत तो सतत वाजतोय. प्रत्यक्षात कारखान्याचा मोठा सायरन काही मिनिटं वाजवून बंद केला गेला आणि पुन्हा वाजला तो फार उशिरा. म्हणून सायरन एकदा सुरू कर आणि मध्येच तोड. त्यानंतरच्या शांततेत माणसं दारात उभी राहून ‘थांबला म्हणजे काही नसेल’ असं म्हणून परत आत वळतात. हे तीस सेकंद सांभाळ. साउंड ऑपरेट करणाऱ्याला सांग की आवाज हळूहळू उतरवायचा नाही, कापायचा.

धूर. तो वायू हवेपेक्षा जड होता, जमिनीलगत पसरत गेला, त्यामुळे मुलांना जास्त बाधला. जे जोरात धावले त्यांच्या छातीत तो जास्त गेला; ओला फडका तोंडावर धरून बसलेल्यांना थोडा तरी आधार मिळाला असता, पण हे सांगायला कुणी नव्हतं. भाड्याने मिळतं ते साधं फॉग मशीन द्रव तापवून धूर करतं. तो गरम असतो, वर चढतो आणि दिव्यांखाली ढगासारखा तरंगतो. म्हणजे दिसतं उलटंच. तो जमिनीवर ठेवायचा म्हणून काही मंडळं ड्राय आइस आणतात. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तो जमिनीलगत साचतो आणि तुमचा समूह नेमका जमिनीवर पडून धापा टाकत असणार. तालमीच्या छोट्या खोलीत तर हा जिवाशी खेळ आहे. तो वापरू नका. मला विचारशील तर धूरच नको. खालून, गुडघ्याच्या उंचीवर आडवा पिवळट-पांढरा प्रकाश दोन्ही विंगांतून सोडला आणि वरचे दिवे बंद केले, तर फक्त पाय दिसतात, चेहरे अंधारात. मुलांची भूमिका करणारे त्या प्रकाशात बुडतात, मोठ्यांचे चेहरे वर राहतात. वायू कुठे आहे हे प्रेक्षकाला आपोआप कळेल.

सोळा जणांनी एकाच वेळी खोकू नये. कोणत्याही क्षणी तिघेच खोकतील, बाकीचे श्वास धरून. हा क्रम मोजून बसव, नाहीतर दोन तालमींनंतर सगळे एकदमच खोकायला लागतात. घशातून जोर काढून खोकलं की स्वरतंतू खरवडतात, आणि प्रयोगाच्या दिवशी निम्मी मुलं घोगऱ्या आवाजात बोलताना दिसतील. पोटातून दोन छोटे झटके, मग लांब आवाज करत श्वास आत: ऐकायला हे जास्त भीतिदायक आणि घशाला सोपं. भरभर धापा टाकत राहिलं की बोटं झिणझिणतात, चक्कर येते. तसं झालं की त्या मुलाने लगेच बाजूला होऊन बसावं. तो हळवेपणा नाही, शरीराचा नियम आहे. पूर्ण जोरात हा प्रवेश दिवसातून एकदाच कर, बाकी वेळा फक्त जागा आणि वेळ धरून. गुडघ्यांना पॅड. समूहात कुणाला दमा आहे का ते आधी खासगीत विचार, सगळ्यांसमोर नाही; असेल त्याचा इनहेलर विंगेत ठरलेल्या ठिकाणी असू दे आणि ती जागा बॅकस्टेजच्या प्रत्येकाला माहीत हवी. प्रवेश संपला की पाच मिनिटं सगळ्यांनी बसायचं, पाणी प्यायचं, एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारायची. यावर काही मुलं हसतील. हसू देत.

बाहुलीचं दफन काढ. ज्या छायाचित्रावरून तू ते बेतलं आहेस ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि त्यातलं मूल खरं होतं. त्याची कापडी नक्कल करून टाळ्यांच्या बरोबर आधी ब्लॅकआऊट घेणं, यात काहीतरी ओशाळवाणं आहे. बक्षिसाच्या दृष्टीनेही ते कमकुवतच, कारण प्रेक्षक मनात मूळ फोटोशी तुलना करणार आणि बाहुली हरणार. त्या छायाचित्रांपैकी काहीही पडद्यावर दाखवायचा विचार असेल तर तोही सोड. छायाचित्रकारांचे हक्क आहेत, आणि परवानगी मिळाली तरी त्यापुढे तुमचा अभिनय फिका पडेल.

रात्रीनंतरचं

तुझी संहिता जिथे संपते, तिथे भोपाळमधल्या माणसांच्या लेखी निम्मी गोष्टही झालेली नसते. हमीदिया रुग्णालयात हजारो माणसं आली तेव्हा हा वायू कोणता आणि त्यावर उपाय काय, हे डॉक्टरांना कुणी नीट सांगितलं नाही. कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबरला भोपाळमध्ये अटक झाले, जामिनावर सुटले, देशाबाहेर गेले. खटल्याला ते कधीच हजर राहिले नाहीत आणि २०१४ मध्ये वारले. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. बहुतेक जखमींच्या हाती पहिल्यांदा आले ते २५,००० रुपये, तेही वर्षानुवर्षं दाव्याचे कागद घेऊन फिरल्यावर. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा दिली आणि लगेच जामीनही. वाढीव भरपाईसाठीची सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा इंदूरजवळच्या पिथमपूरला हलवला गेला तो थेट जानेवारी २०२५ मध्ये, आणि तिथल्या लोकांनी त्याला कडाडून विरोध केला. म्हणजे तू अभियांत्रिकीला प्रवेश घेतलास तेव्हाही तो कचरा तिथेच पडून होता. ही दुर्घटना तुझ्या जन्माआधीची आहे, हे तुझं म्हणणं अर्धंच खरं आहे.

यातून एकच गोष्ट निवड, सगळ्या तारखा कोंबू नकोस. दाव्याची रांग मला सगळ्यात नाट्यमय वाटते. खिडकीतला कारकून विचारतो, त्या रात्री तू तिथे होतास याचा पुरावा काय? रेशनकार्ड आहे का? दवाखान्याचा कागद? लग्नघाईतली तीच माणसं आता रांगेत आहेत. लग्नाच्या याद्या करणारी आई आता कागदांची पिशवी सांभाळते आहे. सतरा-अठरा मिनिटं इथे दे. शेवटी निवेदन नको. रांग सरकत राहते, इतकंच. आणि हे सगळं सोसणारी माणसं नुसती हतबल नव्हती हेही कुठेतरी दिसू दे. अब्दुल जब्बार यांच्या संघटनेत, रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांच्याबरोबर हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, काही जणी दिल्लीपर्यंत चालत गेल्या. रांगेतली एक बाई खिडकीतल्या माणसाला उलट प्रश्न विचारते, एवढं पुरतं.

आकड्यांबाबत नियम एकच: आकडा आला की तो कुणाचा आहे हेही आलं पाहिजे. सरकारने सुरुवातीला २,२५९ मृत्यू सांगितले, मध्य प्रदेश सरकारचा पुढचा आकडा ३,७८७, भरपाईच्या नोंदींत ५,२९५, आणि संघटना म्हणतात की नंतर आजाराने गेलेले धरले तर १५ ते २५ हजार. जखमी ५,५८,१२५, हे सरकारच्याच प्रतिज्ञापत्रात आहे. तुझ्या निवेदकाने ‘हजारो मेले’ म्हटलं की यातला सगळा वाद पुसला जातो. उलट दोन कारकून एकमेकांना वेगवेगळे आकडे वाचून दाखवतात आणि कुणाचाच जुळत नाही, हा रांगेतलाच एक छोटा तुकडा होऊ शकतो.

एक सूचना भाषेची. पात्रांना सरळ साधी मराठी बोलू द्या. वातावरणासाठी म्हणून मोडकी हिंदी आणि दर वाक्याला भोपाळी ढंगाचं ‘को खां’ असलं काही घातलंत, तर पहिल्याच मिनिटाला प्रेक्षक हसेल आणि पुढे ती माणसं त्याच्या लेखी विनोदीच राहतील. भोपाळमध्ये मराठी घरंही कमी नाहीत, पण जयप्रकाश नगर, काझी कॅम्पमधलं घर ओढूनताणून मराठी करायचीही गरज नाही. नावं, पेहराव आणि दारातली बकरी पुरते.

त्या मुलीशी कसं बोलायचं

ग्रुपवर काही लिहू नकोस. एकट्याने भेट, आणि सीनियरना सोबत नेऊ नकोस. तिने भोपाळच्या वतीने निर्णय दिला असं समजू नकोस. तीही त्या रात्री नव्हती, आणि एका घराच्या अस्वस्थतेवर विषय करायचा की नाही हे ठरत नाही. पण संहितेवर इतकी नेमकी टीका तुमच्या मंडळात दुसऱ्या कुणी केलेली नाही, हेही तितकंच खरं. म्हणून ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ हे वाक्य नको. त्यात चूक तिच्या वाटण्यावर जाते. असं म्हणता येईल: ‘तू म्हणालीस ते बरोबर होतं. दफन काढलंय, रात्र पाच मिनिटांवर आणलीय, कारखाना आणि रांग वाढवलीय. नवी संहिता ही घे. वाच किंवा नको वाचू. परत यायचं असेल तर ये, समूहातच यायला हवं असं नाही, लाइट्सला माणूस हवाच आहे. नाही आलीस तरी कुणी काही विचारणार नाही.’ आणि मग गप्प बस.

आजीची गोष्ट मागू नकोस, हे सगळ्यात महत्त्वाचं. ‘तुझ्या आजीचा एखादा अनुभव मिळाला तर अस्सल होईल’ हे तुझ्या मनात आलेलं असणारच, पत्रात तसा एक शब्द आहे. तिने आपणहून दिला तरी तो जसाच्या तसा वापरू नका. छापून आलेल्या साक्षी भरपूर आहेत, त्या वाचा. तुमची पात्रं तीन-चार माणसांच्या अनुभवातून घडवा आणि कुणाही पीडिताचं खरं नाव घेऊ नका. कंपनीचं नाव, न्यायालयाचे निकाल, सार्वजनिक पदांवरची माणसं हे नोंदीतलं आहे, ते घ्यायला हरकत नाही.

भोपाळमध्ये संभावना ट्रस्टचा दवाखाना आहे, दुर्घटनेचं संग्रहालय आहे. त्यांना मेल करायचा तर एकच करा, तीनच प्रश्न विचारा आणि उत्तर इंटरनेटवर सापडेल असा एकही प्रश्न नको. ‘कुणा पीडिताशी फोनवर बोलता येईल का’ हा प्रश्न त्यांना गेली अनेक वर्षं येत असणार. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तर विचारूच नका, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

किल्लारीच्या भूकंपावर किंवा माळीणच्या दरडीवर एकांकिका करणाऱ्या मंडळांनाही यातलं बरंच लागू पडेल, एका फरकासह. ३० सप्टेंबर १९९३ किंवा ३० जुलै २०१४ ला ज्यांनी घरची माणसं गमावली ते तुमच्याच प्रेक्षागृहात, कदाचित तुमच्याच वर्गात असू शकतात. लातूर, धाराशिव किंवा आंबेगाव तालुक्यात प्रयोग असेल तर त्या गावची आडनावं पात्रांना देऊ नका, रंगीत तालमीला तिथल्या दोन-चार जणांना बोलवा, आणि ते काय म्हणतात हे ऐकल्यावर बदल करायला किमान आठ दिवस हातात ठेवा. प्रयोगाआधी एका वाक्याची सूचना द्या: या प्रयोगात अमुक घटना दाखवली आहे, कुणाला बाहेर जावंसं वाटलं तर मागचं दार उघडं आहे. आणि ते दार खरोखर उघडं आहे ना, हे एकाने जाऊन बघा.

आता तुझं या आठवड्याचं काम. संहितेचा एक तृतीयांशाहून जास्त भाग बदलतोय. जुन्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घेतलं असशील तर ते नव्या पानांना लागू होत नाही. बदललेली संहिता पुन्हा पाठवावी लागेल, आणि त्याला किती दिवस लागतील हे आजच विचारून घे. म्हणून नवं लेखन चार दिवसांत संपव, पाचव्या दिवशी वाचन, सहाव्या दिवशी संहिता पाठव. आयोजकांकडून रंगमंचावर धूर आणि काच चालते का याचं उत्तर लेखी घे. काचेचे ग्लास नाही म्हणाले तर स्टीलचे घे, पण चहाचा प्रवेश ठेव.